आतल्या खोलीतला पीसी, हॉलमधला टीव्ही: घरच्या नेटवर्कवरच्या गेम-स्ट्रीमिंगचा आढावा

गेमिंगचा पीसी बहुतेक घरांत आतल्या खोलीत असतो. टेबल तिथे, खुर्ची तिथे, आणि पंख्यांची घरघरही तिथेच बंद दाराआड सहन होते. मोठा पडदा, सोफा आणि बरे स्पीकर मात्र हॉलमध्ये. या दोहोंमध्ये एक-दोन भिंती आणि पंधरा-वीस फुटांचे अंतर. पीसी जागचा न हलवता त्याच्यावर चालणारा खेळ हॉलमधल्या टीव्हीवर खेळता येईल का, आणि आला तर तो मनापासून खेळण्यासारखा असेल का, असा हा साधा घरगुती प्रश्न आहे.

त्यातल्या पहिल्या भागाचा निकाल दहा-बारा वर्षांपूर्वीच लागला. चित्र जाते, आवाज जातो, हातातल्या कंट्रोलरची बटणे उलट्या वाटेने पीसीपर्यंत पोचतात. दुसऱ्या भागावर अजून एकमत नाही. एकाला टीव्हीवरचा खेळ पीसीइतकाच चपळ वाटतो, तर तीच यंत्रे वापरणारा दुसरा पाच मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवतो. असे का होते, कोणाचे म्हणणे काय आहे आणि नेमके काय ठरायचे राहिले आहे, हे या लेखात पाहू.

आधी विषयाची हद्द. कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर खेळ चालवून इंटरनेटवरून चित्र मागवणे म्हणजे क्लाउड गेमिंग. तो वेगळा विषय आहे आणि येथे फक्त तुलनेपुरता येईल. फोनचा पडदा टीव्हीवर दाखवणेही यात येत नाही. आपला पीसी, आपला राउटर, आपला टीव्ही आणि त्यांच्यामधले घरातले नेटवर्क एवढेच या आढाव्याचे क्षेत्र.

पार्श्वभूमी: दूरच्या सर्व्हरकडून शेजारच्या खोलीकडे

खेळ एका यंत्रावर चालवून त्याचे चित्र दुसऱ्यावर पाठवण्याची कल्पना जुनी आहे. जी-क्लस्टर या कंपनीने २००० साली ई-थ्री प्रदर्शनात तिचे प्रात्यक्षिक केले होते. २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ सोबत 'रिमोट प्ले' आणले. त्यातून पीएसपी या हातातल्या यंत्रावर कन्सोलचे चित्र पाहता येई. २००७ मध्ये 'स्ट्रीममायगेम' नावाच्या सॉफ्टवेअरने घरातल्या एका पीसीवरचा खेळ दुसऱ्या पीसीवर नेऊन दाखवला. पण त्या काळी चित्र दाबून लहान करण्याचे, म्हणजे एन्कोडिंगचे, काम मुख्य प्रोसेसरवर पडे. खेळ आणि एन्कोडर एकाच प्रोसेसरसाठी भांडत आणि दोघांचेही हाल होत.

लोकांचे लक्ष या तंत्राकडे वेधले ते २०१० मध्ये सुरू झालेल्या 'ऑनलाइव्ह'ने. ती क्लाउड सेवा होती आणि २०१५ मध्ये बंदही पडली. पण खेळाचे चित्र व्हिडिओसारखे पाठवून तो खेळता येतो, हे तिने हजारो लोकांना दाखवून दिले. पुढे २०१२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. निन्टेंडोच्या वी-यू कन्सोलने आपले चित्र बिनतारी मार्गाने हातातल्या गेमपॅडवर पाठवले; मूळ बेतातच अंतर एका खोलीपुरते धरल्यामुळे ते अतिशय कमी उशिरात पोचे. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या केप्लर पिढीच्या ग्राफिक्स कार्डांत एन्कोडिंगसाठी स्वतंत्र मंडल आले, 'एनव्हेंक'. आता खेळाला फारसा धक्का न लावता प्रत्येक फ्रेम दाबता येऊ लागली. आजचे घरगुती स्ट्रीमिंग उभे आहे ते याच पायावर.

नंतरच्या घटना भराभर घडल्या. २०१३ मध्ये एनव्हिडियाने 'शील्ड' हे हातातले यंत्र आणि त्याच्यासोबत 'गेमस्ट्रीम' आणले. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याची संवादपद्धत उलगडून 'लाइमलाइट' नावाचे खुले सॉफ्टवेअर लिहिले. तेच आज 'मूनलाइट' म्हणून ओळखले जाते. मे २०१४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या गेम-दुकानात 'इन-होम स्ट्रीमिंग' सर्वांना खुले केले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये 'स्टीम लिंक' नावाची ५० डॉलरची डबी बाजारात आणली. टीव्हीला ती जोडायची, कंट्रोलर लावायचा आणि खेळायचे. २०१८ च्या अखेरीस डबी बंद झाली आणि तिचे काम अँड्रॉइड टीव्ही, रास्पबेरी पाय व फोन यांवरच्या मोफत अ‍ॅपने घेतले. आयफोनवर ते अ‍ॅप यायला मात्र मे २०१९ उजाडले, कारण वर्षभर आधी अ‍ॅपलने धंद्यातल्या हितसंबंधांचे कारण देऊन ते नाकारले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने गेमस्ट्रीम काढून टाकत असल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२३ पासून ते अमलात आले. तोवर 'सनशाइन' हे खुले सॉफ्टवेअर तयार झाले होते. पीसीवर सनशाइन आणि टीव्हीवर मूनलाइट ही जोडी आता एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवरही चालते. सध्या दोन मुख्य वाटा आहेत. एक स्टीमची, स्थापून लगेच वापरण्याजोगी. दुसरी सनशाइन-मूनलाइटची, जास्त कळा आणि जास्त ताबा देणारी.

एका फ्रेमचा प्रवास

मतभेद समजून घ्यायचे तर एक फ्रेम पीसीपासून टीव्हीपर्यंत कशी जाते हे पाहायला हवे. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर दर फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. बटण दाबल्यावर ती खूण नेटवर्कवरून पीसीकडे जाते. खेळ तिची दखल घेऊन पुढची फ्रेम रंगवतो. ती फ्रेम उचलली जाते, दाबली जाते, तिचे तुकडे नेटवर्कवर सोडले जातात, टीव्हीकडचे यंत्र ते जोडून उलगडते आणि शेवटी टीव्ही ती पडद्यावर आणतो.

दाबण्याचे प्रमाण किती? १०८० ओळींचे चित्र सेकंदाला ६० वेळा कच्चे पाठवले तर सुमारे ३ गिगाबिट लागतील. ४के साठी जवळजवळ १२ गिगाबिट. मूनलाइट आपणहून सुचवतो तो दर १०८० साठी २० मेगाबिट आणि ४के साठी ८० मेगाबिट आहे. दोन्हीकडे चित्र साधारण दीडशेपट आक्रसते. २० मेगाबिटच्या हिशेबाने एक फ्रेम सुमारे ४२ किलोबाइटची होते आणि नेटवर्कवरून जाताना तिची तीसेक पाकिटे होतात. त्यातले एक हरवले तरी फ्रेम अपुरी राहते. म्हणून पाठवणारा काही पाकिटे जास्तीची पाठवतो. सनशाइन नेहमीच्या मांडणीत २० टक्के पाठवतो. हरवलेला भाग त्यांतून पुन्हा रचता येतो.

नेहमीच्या व्हिडिओपेक्षा हे काम अवघड का, याचे उत्तर इथेच आहे. सिनेमा पाहताना टीव्ही पुढची काही सेकंदे साठवून ठेवतो, त्यामुळे मधे नेटवर्क अडखळले तरी प्रेक्षकाला कळतही नाही. खेळात पुढची सेकंदे अजून घडलेलीच नसतात. साठवणार काय? चित्र दाबताना पुढच्या फ्रेमकडे पाहून जागा वाचवण्याची सिनेमावाल्यांची युक्तीही येथे चालत नाही. 'यूट्यूब ४के मध्ये झकास चालतं, मग गेम का अडकतो?' या घरोघरच्या तक्रारीचे कारण हेच.

किती उशीर खपतो?

मुख्य वाद उशिराचा आहे आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या मार्क क्लेपूल आणि काजल क्लेपूल या संशोधकांनी २००६ मध्ये खेळांतल्या कृती दोन निकषांवर तपासल्या: कृतीला अचूकता किती लागते आणि ती किती वेळात व्हावी लागते. पहिल्या पुरुषाच्या नजरेतून नेम धरण्याच्या खेळांत १०० मिलिसेकंद, पात्राला मागून पाहत खेळायच्या खेळांत ५०० मिलिसेकंद आणि वरून सैन्य हलवण्याच्या खेळांत १००० मिलिसेकंद अशा ढोबळ मर्यादा त्यांनी मांडल्या.

हे आकडे स्ट्रीमिंगला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ऑनलाइन खेळात आपले यंत्र आपली हालचाल लगेच पडद्यावर दाखवते आणि सर्व्हरशी हिशेब मागून जुळवते. स्ट्रीमिंगमध्ये टीव्हीकडे खेळ नसतोच, फक्त चित्र असते. त्यामुळे आपली साधी मान वळवण्याची कृतीही पूर्ण फेरी मारून परत येते. २०१४ मध्ये मार्क क्लेपूल आणि डेव्हिड फिंकल यांनी क्लाउड खेळांवर केलेल्या अभ्यासात कामगिरी उशिराच्या प्रमाणात सरळ घसरत जाते, आणि दर १०० मिलिसेकंदांमागे २५ टक्क्यांपर्यंत घसरू शकते, असे आढळले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही २०२० मध्ये क्लाउड गेमिंगच्या दर्जाचा अंदाज बांधण्यासाठी 'जी.१०७२' ही शिफारस मंजूर केली. घरगुती स्ट्रीमिंगच्या तुलनेत क्लाउडवर संशोधन जास्त झाले आहे, कारण पैसा तिकडे आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन बाजू पडतात.

एक बाजू म्हणते की घरातला उशीर नगण्य आहे. लॅन केबलवर पीसी ते टीव्ही फेरी एक-दोन मिलिसेकंदांची. एन्कोड आणि डिकोड, म्हणजे दाबणे आणि उलगडणे, धरून चांगल्या यंत्रांवर एका-दोन फ्रेमइतका वेळ जास्तीचा जातो. शिवाय मूळ खेळातच उशीर असतो. युरोगेमर या गेमिंग संकेतस्थळाच्या डिजिटल फाउंड्री विभागाने २००९ मध्ये कन्सोलवर मोजमाप केले तेव्हा ६० फ्रेमच्या चपळ खेळांत बटणापासून चित्रापर्यंत सुमारे ६७ मिलिसेकंद लागत होते आणि ३० फ्रेमच्या काही खेळांत १३० च्या पुढे. ते खेळ लोकांनी आनंदाने खेळले. मग त्यावर वीस मिलिसेकंद चढले तर बिघडले कुठे, असा त्यांचा सवाल आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की सरासरी सांगून भागत नाही. ज्याला पीसीवर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरची सवय झाली आहे, त्याची तुलना २००९ च्या कन्सोलशी होत नसते. तो आपल्याच टेबलावरच्या अनुभवाशी तुलना करतो. माउसने नेम धरताना हाताला जो फरक जाणवतो, तो कंट्रोलरवर जाणवत नाही. लढतीचे आणि तालाचे खेळ तर फ्रेमच्या हिशेबानेच बसवलेले असतात. शिवाय ठरावीक उशिराला हात सरावतो, पण मधेच वाढणाऱ्या आणि मधेच घटणाऱ्या उशिराला सरावत नाही.

हा शेवटचा मुद्दा आता दोन्ही बाजूंना मान्य आहे. स्थिर ४० मिलिसेकंद परवडतात, पण १५ आणि ७० च्या मधे हेलकावणारे नेटवर्क परवडत नाही. त्यामुळे चर्चेचा भर हळूहळू उशिरावरून त्याच्या चढउतारांकडे वळला आहे.

केबल की वाय-फाय

हे चढउतार बहुतांशी वाय-फायमधून येतात. एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकच यंत्र बोलू शकते. बाकीच्यांनी थांबायचे असते. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याच्यासाठीही थांबावे लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, आणि ब्लूटूथ कंट्रोलरही त्याच पट्ट्यात बोलतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त आहे, पण त्या लहरी भिंतीला लवकर दमतात. आपल्याकडच्या विटांच्या भिंती आणि आरसीसीचे बीम-कॉलम पाश्चात्त्य देशांतल्या लाकडी चौकटीच्या पातळ भिंतींपेक्षा जास्त लहरी खातात. परदेशी वापरकर्त्याचा अनुभव वाचून 'एक भिंत आहे फक्त' असे म्हणताना हा फरक विसरू नये.

केबलवाल्यांचा आग्रह सरळ आहे: दोन्ही टोके लॅन केबलने जोडा, मग पुढचे बोला. वाय-फायवाल्यांचे उत्तरही रास्त आहे. तयार घरात, त्यातही भाड्याच्या घरात, भिंतीतून केबल नेणे सोपे नसते. आणि वाय-फाय ६ चे चांगले राउटर आल्यापासून एका खोलीच्या अंतरावर अनेकांचा खेळ विनातक्रार चालतो.

या दोहोंच्या मधली एक वाट बहुतेक जाणकार सुचवतात: निदान पीसी तरी राउटरला केबलने जोडा. पीसी आणि टीव्ही दोघेही वाय-फायवर असतील तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते, एकदा पीसीकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून टीव्हीकडे. त्याच चॅनेलवर गर्दी दुप्पट होते. आपल्या फ्लॅटांत मात्र गोष्ट नेमकी उलटी बसलेली असते. फायबरची केबल दाराजवळून हॉलमध्ये येते, राउटर टीव्हीच्याच शेजारी टांगला जातो आणि पीसी आतल्या खोलीत वाय-फायवर. टीव्हीला केबल लावणे सोपे, गरज मात्र पीसीला.

६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा हा प्रश्न काहीसा सोपा करू शकेल, कारण तिथे जुनी यंत्रे नाहीत आणि रुंद चॅनेल मिळतात. अमेरिकेने तो एप्रिल २०२० मध्ये खुला केला. भारतात त्यावर बराच काळ दोन बाजू होत्या. मोबाइल कंपन्यांना तो पट्टा मोबाइल सेवेसाठी हवा होता, तर तंत्रज्ञान कंपन्यांना वाय-फायसाठी. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने त्यातला खालचा ५०० मेगाहर्ट्झ घरातल्या वापरासाठी परवानामुक्त करण्याचे मसुदा नियम प्रसिद्ध केले. मात्र ६ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीला ५ पेक्षाही जास्त दमतात. म्हणजे गर्दीचा प्रश्न सुटला तरी भिंतीचा राहतोच.

टीव्हीच्या बाजूची दोन कोडी

उशिराचे खापर लोक नेटवर्कवर फोडतात, पण त्याचा मोठा वाटा अनेकदा टीव्हीचाच असतो. चित्र गुळगुळीत आणि झळझळीत करण्यासाठी टीव्ही प्रत्येक फ्रेमवर संस्कार करतो आणि त्यात सहज ५० ते १०० मिलिसेकंद जाऊ शकतात. गेम मोड लावला की हे संस्कार थांबतात. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये टीव्हीला आपोआप गेम मोडवर नेण्याची सोयही आली. पण टीव्हीतल्याच अ‍ॅपवरून स्ट्रीमिंग केले तर ती सोय अनेकदा लागू होत नाही, कारण तिचा संबंध एचडीएमआयच्या इनपुटशी आहे. म्हणून काहीजण टीव्हीतले अ‍ॅप टाळून वेगळी डबी लावतात. काहींच्या मते नव्या टीव्हींचे डिकोडर पुरेसे चपळ आहेत आणि जास्तीची डबी म्हणजे जास्तीचा खर्च.

दुसरे कोडे लॅन पोर्टचे. बऱ्याच टीव्हींचे लॅन पोर्ट आजही १०० मेगाबिटचे आहेत. ८० मेगाबिटच्या ४के प्रवाहात एक फ्रेम सुमारे १.३ मेगाबिटची होते. गिगाबिट केबलवर ती दीड मिलिसेकंदाच्या आत पोचते. १०० मेगाबिटच्या पोर्टातून तिला १३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका फ्रेमचा जवळजवळ सगळा वेळ. अशा पोर्टात मोकळी जागा फारशी उरत नाही. अशा टीव्हीवर राउटर शेजारीच असेल तर ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय केबलपेक्षा सरस ठरू शकते. केबलवाल्यांच्या नियमाला हा खरा अपवाद आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. काही टीव्ही सेकंदाला ६० ऐवजी ५९.९४ वेळा चित्र बदलतात. पीसी ६० फ्रेम पाठवत राहिला तर साधारण दर १७ सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची होते आणि टाकावी लागते. नेटवर्क ठणठणीत असताना ठरावीक अंतराने चित्र हलकेच उडी मारत असेल, तर संशय इथे घ्यावा.

चित्राची प्रत

चित्राबद्दलचा वाद तुलनेने निवळला आहे. २००३ चे एच.२६४, २०१३ चे एचईव्हीसी आणि २०१८ चे एव्ही१ या चित्र दाबण्याच्या पद्धतींच्या, म्हणजे कोडेकच्या, तीन पिढ्यांत तेवढ्याच बिटांत चित्र सुधारत गेले. एव्ही१ चे एन्कोडर २०२२ पासून एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिन्ही कंपन्यांच्या कार्डांत आले. एचईव्हीसीवर पेटंटशुल्काचे जंजाळ आहे. एव्ही१ कोणतेही शुल्क न घेता वापरता यावे अशा हेतूने बनवले गेले. पण जुन्या टीव्हीत एव्ही१ चा डिकोडर नसतो आणि कमजोर यंत्रावर नवा कोडेक उलगडायला वेळ जास्त लागतो. म्हणून बिट वाचवायचे की वेळ, ही निवड वापरणाऱ्यालाच करावी लागते. घरात बिट मुबलक असतात, त्यामुळे अनेकजण वेळ वाचवण्याकडे झुकतात.

दाट गवत, पाऊस, धूर असे सतत बदलणारे दृश्य आले की दाबलेले चित्र फुटते. बिट वाढवले की सुधारते. बारीक रंगीत अक्षरांचा दोष तेवढ्याने जात नाही. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती प्रकाशाच्या माहितीच्या एक चतुर्थांश बारकाव्याने ठेवली जाते. चेहऱ्यांत आणि डोंगरांत ते कळत नाही, पण काळ्यावर लाल अक्षरांच्या कडा लगेच धूसर दिसतात. पूर्ण रंग पाठवण्याची सोय मूनलाइट-सनशाइनमध्ये आली आहे, पण तिला दोन्ही टोकांच्या यंत्रांची साथ लागते. आणि दोष नेहमी एन्कोडरचाच असतो असेही नाही. टेबलावर दोन फुटांवरून वाचायला ठेवलेला मजकूर सोफ्यावरून वाचायचा म्हटला तर तो मुळातच लहान असतो.

मग स्ट्रीमिंगच का?

तिसरी एक भूमिका मूळ प्रश्नालाच हात घालते. हॉलपर्यंत लांब एचडीएमआय केबल का नेऊ नये? साधी तांब्याची केबल ४के साठी पाचेक मीटरपर्यंत भरवशाची असते. त्यापुढे आत प्रकाशतंतू असलेली केबल लागते. तिच्यात उशीर जवळजवळ नाही आणि चित्र दाबावेही लागत नाही. अडचण कंट्रोलरची: ब्लूटूथ भिंतीआड अडखळते आणि साध्या यूएसबी केबलची मर्यादा पाच मीटर. केबल भिंतीतून न्यायची तर लॅनइतकीच तोडफोड, आणि एक टीव्ही म्हणजे एक केबल. स्ट्रीमिंगचे समर्थक इथे बोट ठेवतात: एकदा घरात लॅन फिरवली की टीव्ही, लॅपटॉप, फोन सगळेच तिच्यावर चालतात.

हॉलमध्ये दुसरे यंत्रच ठेवावे, असेही काहीजण म्हणतात. कन्सोल आहेतच, शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने टीव्हीखाली ठेवायच्या नव्या 'स्टीम मशीन'ची घोषणा केली. ज्या कंपनीने दहा वर्षांपूर्वी ५० डॉलरची स्ट्रीमिंग डबी विकली, तीच आता हॉलसाठी पूर्ण पीसी आणते आहे. याचा अर्थ स्ट्रीमिंग हरले असा काढता येत नाही, कारण तिच्याच सॉफ्टवेअरात घरगुती स्ट्रीमिंगही चालू आहे. पण हॉलचा प्रश्न स्ट्रीमिंगने पूर्ण सुटला असे ती मानत नाही, इतके म्हणता येईल.

क्लाउडची बाजू अशी की घरात महागडे कार्डच कशाला? एनव्हिडियाचे ४०९० हे कार्ड एकटे ४५० वॉटपर्यंत वीज खाते, ४०६० सारखे मधले कार्डही ११५ वॉट. टीव्हीकडच्या डबीला जेमतेम काही वॉट पुरतात. पण गुगलची 'स्टेडिया' नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली, हे उदाहरण घरगुती स्ट्रीमिंगवाले हमखास देतात. आपले यंत्र आपल्या घरात असले की कोणी ते बंद करू शकत नाही.

सांभाळायचे कोणी?

हा युक्तिवाद तपासून घ्यायला हवा, कारण घरगुती स्ट्रीमिंगही कंपन्यांवर अवलंबून होतेच. गेमस्ट्रीम गेले तेव्हा शील्ड यंत्रे घरातच होती, कार्डेही घरातच होती; बंद झाला तो दोघांमधला पूल. तो पुन्हा उभा केला स्वयंसेवकांनी. खुल्या सॉफ्टवेअरचे समर्थक याला आपला विजय मानतात. साशंकांचे म्हणणे असे की मूठभर लोकांच्या फावल्या वेळावर टिकलेली गोष्ट सामान्य घरासाठी पुरेशी भरवशाची नाही. पीसीचा मॉनिटर बंद असला तर चित्र मिळत नाही म्हणून मॉनिटर जोडल्याचा भास करणारा खोटा प्लग लावा, पीसी झोपला तर दुरून जागा करा, परवानगीची खिडकी उघडली की पडदा काळा पडतो. या सगळ्याची उत्तरे आहेत, पण ती शोधून काढावी लागतात. स्टीमची वाट सोपी आहे, मात्र ती एका दुकानाच्या छताखालून जाते.

सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. घरातल्या घरात जोडणी पिनने होते आणि धोका कमी असतो. बाहेरून खेळता यावे म्हणून राउटरचे दार इंटरनेटला उघडे ठेवणारे मात्र आपला अख्खा डेस्कटॉप दारात मांडतात. खासगी बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून जावे, यावर जाणकारांत दुमत नाही.

काय ठरले, काय राहिले

काही गोष्टी आता वादाबाहेर आहेत. एन्कोडिंगचे काम कार्डातल्या स्वतंत्र मंडलावर द्यावे. पीसी केबलवर असावा. टीव्ही गेम मोडवर असावा. अडखळले तर कोडेक बदलण्याआधी बिटरेट उतरवून पाहावा. सावकाश, कंट्रोलरने खेळायचे खेळ चांगल्या घरगुती नेटवर्कवर तक्रारीला जागा ठेवत नाहीत.

न सुटलेल्या प्रश्नांत पहिला मोजमापाचा. स्ट्रीमिंगचे सॉफ्टवेअर पडद्याच्या कोपऱ्यात नेटवर्क आणि डिकोडचे आकडे दाखवते, पण टीव्हीने किती वेळ खाल्ला हे त्याला कळत नाही. बटणापासून प्रकाशापर्यंतचा पूर्ण उशीर मोजायला जलद कॅमेरा किंवा पडद्याला चिकटवायचा प्रकाशसंवेदक लागतो. तो घरोघरी नसतो. त्यामुळे 'माझ्याकडे दहा मिलिसेकंदच' आणि 'मला तर जाणवतं' असे म्हणणारे दोघे अनेकदा साखळीच्या वेगवेगळ्या तुकड्यांबद्दल बोलत असतात. उशीर एका जागी नसतो. तो आतल्या खोलीत, भिंतीत, राउटरमध्ये आणि टीव्हीत थोडा थोडा वाटलेला असतो, आणि प्रत्येकजण आपल्याला दिसणारा वाटा मोजतो.

दुसरा प्रश्न माणसांच्या फरकाचा. कोणाला किती उशीर जाणवतो हे खेळावर, सवयीवर आणि हातातल्या साधनावर अवलंबून आहे. एकच मर्यादा सर्वांना लावता येत नाही.

तिसरा प्रश्न एका पीसीवरच्या दोन माणसांचा. हॉलमध्ये खेळ चालू असताना आतल्या खोलीत त्याच पीसीवर कोणाला प्रकल्प लिहायचा असेल तर घरगुती विंडोजमध्ये ते जमत नाही; पडदा, माउस, कीबोर्ड सगळे एकाच बैठकीचे. लिनक्सवर 'गेम्स ऑन व्हेल्स'सारखे खुले प्रकल्प एका यंत्रावर अनेकांना वेगवेगळा खेळ देण्याचा प्रयत्न करत आहेत, पण ते अजून हौशी जाणकारांपुरते आहे.

चौथा प्रश्न कोणत्याही मानकात बसत नाही. आजवरच्या सगळ्या वादांतून सर्वांत जास्त एकमत झालेला उपाय सर्वांत स्वस्तही आहे: राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल. ती भिंत फोडून न्यायची, पट्टीत बसवून कडेकडेने न्यायची की दाराच्या फटीतून लोंबती सोडायची, हे ठरवणारे माणूस मात्र बहुतेक घरांत गेम खेळणारे नसते.